मुद्दल

झेरॉक्सच्या दुकानामागे माझं टेबल,
एक प्रिंटर, दोन धड खुर्च्या, तिसरी लंगडी.
सुगलाबाई येरमे लंगडीवरच टेकल्या,
मी नको नको म्हणेपर्यंत.
पिशवीतून कागद काढला. चार घड्या,
एका घडीवर हळदीचं बोट.

"हे बगा बरं. नातू म्हनूलालाय,
तुजेच पैशे तुला देऊलालेत."

योजनेचं लांबलचक इंग्रजी नाव,
त्यातला मधला 'कम' पोरानं हिंदीतला वाचला होता.
चुकून बरोबर वाचला होता.
पूर्वी नुसतं लाभांश म्हणायचे.
नाव बदललं तेव्हा मी सगळ्यांना मेसेज पाठवला होता,
खाली गुलाबाचं फूल लावून.

फिडर बंद आहे असा निरोप होता.
फिडर चालू होता.
शिरूरच्या रस्त्याला, खांबावर, दुपारी पावणेदोनला.
मंडळाचे सहा लाख आले
आणि कुणीतरी त्यांना माझ्याकडे धाडलं.
मी म्हणालो होतो, मुद्दल जागेवर राहील, मावशी,
वरचं तेवढं खात जा.
त्या म्हणाल्या होत्या, मुद्दलाला हात नाही लावायचा,
ते त्यांचं हाय.

तेव्हापासून सात तारखेला चार हजार.
बँकेत पासबुक छापताना रांगेतल्या बायांना सांगायच्या,
ह्यांचा पगार झाला.

मी पेन्सिल घेतली.
एका युनिटची किंमत तेव्हा चौदा रुपये बासष्ट पैसे,
आज दहा रुपये आठ.
युनिटं होती तेवढीच आहेत, मावशी,
वजन उतरलंय.
काही महिने खरंच पिकलं, त्यातलं दिलं,
काही महिने पिकलं नाही, तरी दिलं.
"कुठून?"
पेन्सिलीचं टोक मोडलं. बरं झालं,
खाली बघायला काहीतरी मिळालं.

सुगलाबाई पंख्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, आमच्या गावात त्या साली
टँकर यायचा आन् हिरीत रिकामा करायचे.
आमी वरून शेंदायचो.
दोर तोच, घागर तीच, पानी गार.
आठ दिसांनी आमच्या सासूबाई म्हनल्या,
बगा, हीर लागली!
नारळ फोडला तिनं हिरीपाशी.
कोनी काई बोललं न्हाई.
टँकरवालाबी न्हाई बोलला,
उलट खोबरं खाल्लं त्यानं.

माझं कमिशन वर्षाला साडेचार हजार पडतं, त्यांच्या खात्यावर.
हा आकडा त्यांनी विचारला नाही.
मी सांगितलाही नाही.
प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो ओढत राहिलो.

पर्याय आहे, मी म्हणालो, वाढीचा.
मग दर महिन्याला काही येणार नाही,
आत राहील, आत वाढेल.
फॉर्म पुढे सरकवला, सहीच्या जागी फुली करून.

"सात तारखेला काईच न्हाई येनार?"
नाही.
"मोबाईलबी न्हाई वाजनार?"

बाहेर कुणीतरी आधारकार्डाच्या दोन प्रती मागत होतं,
मागून पुढून, एकाच पानावर.
त्यांनी फॉर्मची घडी घातली, चार घड्या,
आणि जुन्या कागदाच्या आत ठेवली.

दारात थांबल्या. चप्पल पायात सरकवता सरकवता,
माझ्याकडे न बघता विचारलं,
"मग आता किती उरले?"

चार लाख तेरा हजार सहाशे, असं मी म्हणणार होतो.
तोंडही उघडलं होतं.
पण त्यांनी पदर डोक्यावर घेतला होता,
तो पैशांसाठी कुणी घेत नाही.